दुपारी दोनचा खेळ

येडगावात थिएटर नाही. कुकडीवरचं धरण आहे, ऊस आहे, द्राक्षं आहेत, टोमॅटो आहे आणि उसात बिबट्या आहे. सिनेमा बघायचा तर टीव्ही नाहीतर मोबाइल, आणि त्यातही घरातला जो तो आपापलं बघतो. आम्ही काही घरं मिळून जरा वेगळं करतो. जमेल तेव्हा शनिवार-रविवारी पुण्याला, लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात लागलेला खेळ बघायला जातो, पोराबाळांसकट आणि म्हाताऱ्यांसकट. मधल्या एखाद्या रविवारी दुपारी गावातच शाळेच्या खोलीत खेळ लावतो. मी सिनेमातली जाणकार नव्हे. बचत गटाचे हिशेब लिहिते, बागेची कामं बघते. पण आजूबाजूच्या गावांतून ‘तुम्ही हे जमवता कसं’ असं विचारणारे फोन येतात. दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढते.

१. खेळ दुपारचाच ठेवा

पुण्यात एके काळी मॅटिनी म्हणजे जुना चित्रपट, कमी तिकीट आणि कॉलेज बुडवून आलेली पोरं. खेड्यात उलटं आहे. इथं दुपारच खरी. सकाळी धारा आणि डेअरी, संध्याकाळी पुन्हा धारा आणि डेअरी. मधे जेवणखाण उरकून दोन ते साडेचार एवढीच फट सगळ्या घराला एकदम मिळते. रात्रीचा खेळ रंगतो हे खरं, पण वस्तीवर राहणाऱ्या माणसानं परत जायचं कसं? दोन्ही बाजूंना ऊस, हातात बॅटरी, खांद्यावर झोपलेलं पोर. जुन्नर तालुक्यात बिबट्याचा वावर केवढा आहे, हे माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र बघून आलेल्याला सांगायला नको.

शेतीच्या विजेचा फेराही बघावा लागतो. थ्री फेज दिवसा असली की पुरुषमाणसं मोटारीपाशी. रात्रीची लाइट असली की ती दुपारी झोपा काढतात, पण निदान आणून बसवता येतात. तिथं घोरली तरी आमची हरकत नाही. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली किंवा टोमॅटोचा तोडा जोरात आला की सरळ महिनाभर खेळ बंद. त्या दिवसांत ‘लोकांना आवड नाही’ असं म्हणत बसणारा माणूस शेतकरी नसतो.

२. पुण्याला जायचं तर आधी चौकशी, मग तयारी

शेजारचं नारायणगाव ते पुणे पाऊणशे किलोमीटर. खासगी गाडी केली तर सिनेमा चुलीत जातो, इतकं भाडं होतं. एसटी परवडते. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीच, ऑगस्ट २०२२ पासून, फुकट आणि पोरांचं अर्धं. म्हणजे आमच्या घरात पूर्ण तिकीट एकट्या ह्यांचं. कंडक्टरनं पैसे मागितले की ते दर वेळी असे बघतात, की जणू गावजेवणाचा खर्च त्यांच्यावर पडलाय.

मंचर, पेठ, खेड पटापट मागं पडतं आणि चाकणला गाडी अडकते. किती वेळ, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही; म्हणून दुपारच्या खेळासाठी निघायचं सकाळच्या पहिल्या गाड्यांतल्या एखादीनं. जुनं शिवाजीनगर स्टँड मेट्रोच्या कामामुळे २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हललं. तिथून रिक्षानं शिवाजीनगर मेट्रो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची, नळ स्टॉपला उतरायचं, पुढं लॉ कॉलेज रस्त्यानं पायी. घरी आल्यावर मुलांना ‘काय आवडलं’ विचारलं तर पहिलं उत्तर मेट्रो येतं. वाईट वाटून घेऊ नका. सिनेमाची गोष्ट ती मंगळवारी-बुधवारी, भलत्याच कामात असताना काढतात.

आता चौकशीचं. संग्रहालय म्हणजे रोज चार खेळ करणारं थिएटर नव्हे. ते मुळात फिल्म जपायचं ठिकाण आहे. फेब्रुवारी १९६४ मध्ये ते सुरू झालं. पी. के. नायर नावाचा माणूस पुढच्या वर्षी तिथं रुजू झाला आणि १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत देशभरातून फिल्मचे डबे गोळा करत राहिला. २०२२ पासून ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. तिथले खेळ ठरावीक कार्यक्रमांपुरते असतात. काही सगळ्यांना खुले, काही फिल्म क्लबच्या सभासदांपुरते. तेव्हा आधी विचारा: कोणता चित्रपट, कोणालाही येता येतं का, लहान मुलं चालतील का. तीन पिढ्या घेऊन पाऊणशे किलोमीटर जायचं आणि दारातून परतायचं, हे म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांना झेपत नाही.

मुंबईत पेडर रोडवर सिनेमाचं दुसरं संग्रहालय आहे. गुलशन महाल नावाच्या जुन्या बंगल्यात आणि शेजारच्या नव्या इमारतीत, जानेवारी २०१९ मध्ये उघडलेलं. जुने कॅमेरे, पोस्टरं, मुलांना हात लावून बघता येईल असं बरंच काही. मुलांना आधी कुठं न्यावं, असं मला एका मास्तरांनी विचारलं होतं. माझं मत पक्कं आहे: आधी चित्रपट, मग कॅमेरा. ज्यानं एकही मूकपट बघितलेला नाही, त्याला काचेआडचा कॅमेरा हे नुसतं लोखंड.

डब्यात मासवडी नेऊ नका. रस्सा सांडतो आणि मग पुढचा अख्खा प्रवास एसटीत माफी मागण्यात जातो. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. आणि हे सगळं थिएटरच्या बाहेर.

३. ‘जुना चांगला सिनेमा’ असं पोरांना सांगू नका

तसं म्हटलं की पोरं ओळखतात, मोठ्यांना काहीतरी शिकवायचंय. आम्ही फाळक्यांचा ‘कालिया मर्दन’ लावला तेव्हा एवढंच सांगितलं, की यातला कृष्ण बघा आणि काही वेगळं दिसतंय का ते सांगा. १९१९ चा मूकपट. भजनी मंडळातल्या एका आजोबांना पेटी घेऊन बसवलं, एकाला पखवाज घेऊन. मूकपटाच्या काळात थिएटरात पेटी-तबला असायचाच. आमच्याकडं पखवाज होता म्हणून पखवाज. कालियाच्या डोक्यावरचा नाच आला आणि पखवाज असा काही सुटला, की पोरं पडदा सोडून त्या बुवांकडंच बघायला लागली.

अर्ध्यावर माझी थोरली ओरडली, “आई, हा कृष्ण नाही, ही मुलगी आहे!” ती होती मंदाकिनी फाळके, दादासाहेबांची लेक, वय सातेक वर्षं. मग प्रश्नांचा पाऊस. बायका का नव्हत्या? १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाली होती अण्णा साळुंके नावाच्या पुरुषाची, आणि १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर त्या एकाच माणसानं राम आणि सीता दोघं केले. हे ऐकून पोरं लोळली. आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, “त्यात काय हसायचं? आमच्या गावच्या नाटकात सीतेला मिशी दिसायची.” कोणत्या पुस्तकानं एवढ्या झटक्यात एवढी माहिती पोचवली असती, मला शंका आहे.

चित्रपट मधेमधे तुटक आहे, हे पोरांच्याच लक्षात आलं. बाकीचं कुठं गेलं? तेव्हा सांगितलं, की त्या काळची फिल्म नायट्रेटची; भुर्रकन पेट घेणारी, पडून राहिली तर चिकट होऊन भुगा होणारी. तिच्यातली चांदी काढायला डबेच्या डबे वितळवले गेले. आपल्या देशात हजाराहून अधिक मूकपट निघाले, त्यांतले मूठभर उरले. ‘कालिया मर्दन’ उरला तो फाळक्यांच्या घरच्यांनी तुकडे सांभाळले आणि नायरांनी ते शोधून एकत्र केले म्हणून. पुण्यातही २००३ मध्ये नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागून बरंच काही गेलं. हे आधी सांगितलं असतं तर भाषण झालं असतं. नंतर सांगितलं, तेव्हा धाकट्यानं विचारलं, “मग आपल्या लग्नाच्या कॅसेटी कुठं आहेत?” त्या माळ्यावर होत्या आणि त्यांना बुरशी लागली होती.

४. बोलू द्या

शहरातल्या थिएटरात गप्प बसणं ही सभ्यता. ती तिथं पाळायची. पहिल्यांदा आत्यांना संग्रहालयातल्या खेळाला नेलं तेव्हा त्या पडद्यावरच्या माणसाशी बोलत होत्या आणि पुढच्या रांगेतले गृहस्थ मान वळवून बघत होते. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते. पण गावातल्या खेळाला तोंडावर बोट ठेवायला लावलं तर निम्मी माणसं पुढच्या वेळी येणार नाहीत, आणि उरलेली निम्मी झोपतील.

‘संत तुकाराम’ लावला तेव्हाचं सांगते. प्रभातचा १९३६ चा चित्रपट, दामले-फत्तेलाल यांचा. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या निवडक उत्तम चित्रपटांत तो गणला गेला. पण आमच्याकडं व्हेनिसचं कौतुक कोणाला? पोर आजारी म्हणून आवली संतापून देवळात जाते आणि विठोबाला वहाण दाखवते, तिथं मागून बायकांचा आवाज, “हाण, हाण!” आणि पाठोपाठ टाळ्या. विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम गायला लागला की म्हातारी माणसं त्याच्याबरोबर गात होती. एकानं तर त्याच्या पुढं जाऊन चरण संपवलं. तुकोबाची भक्ती आणि आवलीचा संसार, दोन्ही बाजू इथं बसलेल्या माणसांना तोंडपाठ. बायकांचा कल आवलीकडं, पुरुषांचा तुकोबाकडं, आणि वाद चित्रपट संपल्यावर डेअरीपर्यंत चालला.

खेड्यात असे चित्रपट दाखवणं हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही. कर्नाटकात हेग्गोडू म्हणून खेडं आहे. तिथं के. व्ही. सुब्बण्णांच्या नीनासम संस्थेनं सत्तरच्या दशकात सुपारीच्या बागांत राबणाऱ्या माणसांना ‘पथेर पांचाली’, ‘बायसिकल थीव्ह्ज’, ‘राशोमोन’ दाखवले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे सतीश बहादूर तिथं जायचे, नायरांच्या संग्रहालयातून रिळं जायची. लोकांना कळेल का, ही शंका शहरातल्यांनाच होती.

आमचा नियम एकच: पडद्यावरच्या गोष्टीबद्दल हवं तेवढं बोला, टोमॅटोच्या भावाबद्दल बोलायचं तर बाहेर.

५. बघणाऱ्याच्या पोटात काय दुखतं, ते ओळखून चित्रपट निवडा

‘शेजारी’ मी आधी पुण्यात पाहिला होता. शांतारामबापूंचा १९४१ चा. पाटील आणि मिर्झा, जिवाभावाचे दोन शेजारी. केशवराव दाते आणि गजानन जागीरदार. गावाजवळ धरण बांधायचं घेऊन एक भांडवलवाला येतो. गाव विरोध करतं, तर तो या दोघांत फूट पाडतो. शेवटी धरण फुटतं आणि ते दोघं एकमेकांना सावरता सावरता त्या पाण्यात जातात. पुण्यात चित्रपट संपल्यावर आवारात जी चर्चा चालली होती, ती सगळी हिंदू-मुसलमान ऐक्याची, आणि मग वयस्कर मंडळींच्या तोंडून पानशेतची. साहजिक आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटून पुण्यात पाणी शिरलं, ते ज्यांनी पाहिलं किंवा आईबापांकडून ऐकलं, त्यांना हा चित्रपट वीस वर्षं आधी कोणी लिहून ठेवलेली बातमी वाटणार.

मला वाटलं, येडगावात हा लावलाच पाहिजे. आमचं गाव धरणाचं आहे. कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातलं डिंभे अशी धरणं येतात. येडगावचं १९७७ चं. इथून सुटणारा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्यापर्यंत पाणी नेतो. ज्यांच्या जमिनी बुडाल्या ती माणसं आता थकली आहेत, पण गट नंबर विसरलेली नाहीत.

त्या दुपारी खोली भरली होती. चित्रपटाचा पहिला अर्धा भाग, दोघा मित्रांचं प्रेम, बुद्धिबळाचा डाव, हे सगळे कौतुकानं बघत होते. धरणाचा विषय निघाला आणि वातावरण बदललं. एक आजोबा उठून उभेच राहिले. “आधी भूसंपादनाची नोटीस कुठाय? डायरेक कामच चालू केलं?” कोणीतरी त्यांना खाली बसवलं. मग मोबदला किती दिला असेल, पर्यायी जमीन कुठं, हे सुरू झालं. पडद्यावर दोघा मित्रांत बेबनाव होत होता आणि इथं मागच्या बाजूला दोन चुलत भावांत खरा बेबनाव होता, बुडित क्षेत्राच्या पैशांवरूनच, कित्येक वर्षांचा. दोघं खोलीच्या दोन टोकांना बसले होते. त्यांना चित्रपट दाखवून जवळ आणायचा माझा काही विचार नव्हता, आणि ते जवळ आलेही नाहीत. पण धरण फुटायच्या प्रसंगाला दोघांनी एकाच वेळी ‘आरारारा’ केलं, हे सगळ्यांनी ऐकलं.

नंतर चर्चा ऐक्यावर गेलीच नाही, पाण्यावर गेली. जमीन आमची बुडाली, आवर्तन सुटतं दुसऱ्या तालुक्याला. उन्हाळ्यात धरणाचा तळ आम्ही बघायचा आणि कालवा त्यांच्याकडं भरून. श्रीगोंद्याला दिलेल्या माझ्या नणंदा त्या दिवशी माहेरी आल्या होत्या. त्या उठून म्हणाल्या, “आन् आम्ही काय पाण्यावाचून मरायचं का? आम्हाला पण मानसंच दिलीत ना तुम्ही?” त्यावर कोणाला उत्तर सुचलं नाही. एक पोरगं मधेच म्हणालं, की ते फुटणारं धरण खरं नाही, लहान बनवलंय, पाण्याच्या थेंबांवरून कळतं. आम्हा कोणाच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

चित्रपट तोच होता. पुण्यात तो एक होता, येडगावात दुसरा. संग्रहालय फिल्म जपतं. तिचं काय करायचं ते खोलीत बसलेली माणसं ठरवतात, आणि निवडणाऱ्यानं त्यांच्याकडं बघून निवडावं असं मला वाटतं. मोठमोठ्या याद्या मिळतात, मुलांनी बघावेत असे शंभर चित्रपट वगैरे. त्या याद्या करणाऱ्यांनी आमची मुलं बघितलेली नाहीत.

६. रडू आलं तर येऊ द्या, पण शेजारी मोठं माणूस हवं

‘टिंग्या’ इथलाच. दिग्दर्शक मंगेश हाडवळे जुन्नर तालुक्यातल्या राजुरीचे, चित्रपट २००८ मध्ये लागला, आणि टिंग्या झालेल्या शरद गोयेकरला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बिबट्यासाठी खणलेल्या खड्ड्यात बैल पडतो, कामातून जातो, कर्जबाजारी बाप तो कसायाला विकायला निघतो आणि पोरगं अडून बसतं. यातलं काही आमच्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही. बिबट्या रोजचा, कर्ज रोजचं.

बैल मात्र बदललाय. नांगराला ट्रॅक्टर आला. आताच्या पोरांना बैल ठाऊक आहे तो घाटातला. बैलगाडा शर्यतींवरची बंदी डिसेंबर २०२१ मध्ये उठली तेव्हापासून जुन्नर-आंबेगावात पुन्हा जत्रा तिथं घाट. त्या बैलाला खुराक, त्याचे फोटो, त्याच्या नावाचे टी-शर्ट. कामाचा, म्हातारा, लंगडा बैल मुलांनी पाहिलेलाच नाही. म्हणून माझ्या धाकट्याला प्रश्न पडला, की लंगडला तर काय झालं, ठेवायचा. त्याच्या आजोबांनी त्याला एका बैलाचा दिवसाचा वैरणीचा खर्च तिथल्या तिथं मांडून दाखवला. मग मागून कोणीतरी म्हणालं, की २०१५ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात बैल कत्तलीला देताच येत नाही, आता टिंग्याच्या बापानं करायचं काय? वाद पेटला. सहा-सात वर्षांची दोन पोरं तोपर्यंत आज्यांच्या पदरात तोंड खुपसून हुंदके देत होती.

शाळेनं रांगा लावून पोरांना एकटं बसवून हा चित्रपट दाखवू नये, असं माझं म्हणणं आहे. आजीचा पदर हाताशी असला, तरच दाखवावा.

७. खिडकीला मल्चिंग पेपर लावा

दुपारच्या खेळाची मोठी अडचण ऊन. महागडे काळे पडदे नकोत. टोमॅटोच्या वाफ्यावर अंथरतो तो मल्चिंग पेपर प्रत्येकाच्या घरी उरलेला असतो. काळी बाजू आत, चंदेरी बाहेर. चंदेरीनं ऊन परततं, काळीनं अंधार होतो. फक्त वरची झडप उघडी ठेवा, नाहीतर एप्रिलमध्ये माणसं उकडून निघतील.

चित्र अंधुक असलं तरी लोक चालवून घेतात, आवाज फुटका असला तर उठून जातात. जुन्या चित्रपटांचा आवाज आधीच खरखरीत. त्याला लग्नातले डीजेचे बॉक्स लावले की नुसता ढुमढुमाट. कीर्तनाला वापरतात ते साधे स्पीकर बरे. पडदा म्हणजे भिंत. चुन्याचा एक हात दिला की झालं.

८. हक्कांचं बघून घ्या

आपल्या कायद्यानं चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षं टिकतो. ‘संत तुकाराम’, ‘शेजारी’ त्यातून केव्हाच सुटले. ‘टिंग्या’सारख्या अलीकडच्यासाठी परवानगी घ्यायची. मागितली तर मिळते. फुकटचा खेळ आहे, शाळेत आहे, हे लिहून कळवायचं. न विचारता लावायचं आणि पोरांना प्रामाणिकपणाचे धडे द्यायचे, हे जमत नाही.

९. तंबूवाल्या म्हाताऱ्यांना खुर्ची द्या

आमच्या पट्ट्यात जत्रांना सिनेमाचे तंबू लागायचे. ट्रकवर बसवलेलं मशीन, भोंग्यावर ओरडणारा माणूस, मधे दोरी बांधून एकीकडं बाया, एकीकडं बाप्ये. हजार फुटी रीळ जेमतेम अकरा मिनिटं चालायचं. एकच मशीन असलं की रीळ बदलेपर्यंत अंधारात शिट्ट्या. २०१२-१३ च्या सुमारास फिल्मची रिळं येणंच थांबलं, सगळं डिजिटल झालं आणि तंबू एकामागून एक गुंडाळले गेले. त्या शेवटच्या दिवसांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ मध्ये कान महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्या मशीनवर हात काळे केलेली माणसं गावोगाव आहेत. आमच्याकडच्या एकांना बोलावलं. त्यांनी चित्रपट बघितलाच नाही, पूर्ण वेळ प्रोजेक्टरवरच लक्ष ठेवून बसले, आणि मधेच वाकून म्हणाले, “ताई, फोकस मारा, डाव्या कोपऱ्यात मऊ दिसतंय.” खरंच दिसत होतं.

१०. सगळ्यांना आवडेल असाच चित्रपट हवा, हा हट्ट सोडा

सध्या आमच्यात भांडण आहे ‘सांगत्ये ऐका’वरून. अनंत मान्यांचा १९५९ चा, पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चाललेला. नारायणगाव शेजारी असताना तमाशापट कधीच लावायचा नाही, हे मला पटत नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हातून दोनदा सन्मान मिळाला, त्या याच मातीतल्या. पाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच सुपारी द्यायला येतात, आणि आमच्याच गावातले पुरुष त्यात पुढं असतात. पण तेच पुरुष म्हणतात, कुटुंबाच्या खेळाला लावणीचा सिनेमा नको, पोरी येतात.

आत्यांनी बैठकीत विचारलं, “जत्रेत पहिल्या रांगेत पोरं कोणाची बसत्यात?” कोणी बोललं नाही. मी आणखी एक मांडलं. पावसाळ्यात फड बंद असतात, कलावंत बाया घरी असतात. त्यांनाच बोलवू, त्यांच्या लेकरांसकट. पाटलाचा अन्याय बोर्डावरून चव्हाट्यावर आणणारी ती गोष्ट त्यांच्याशेजारी बसून बघू, आणि नंतर त्यांना काय म्हणायचं ते ऐकू. सरपंचबाई तयार आहेत. दोन सदस्य नाहीत. आमचे हे म्हणतात ‘बघू’, म्हणजे त्यांच्या मनात ‘नाही’ आहे. आत्यांनी मात्र परस्पर नारायणगावला एका ओळखीच्या घरी निरोप धाडलाय, की आषाढात पाऊस बघून दिवस कळवू, आणि येताना घुंगरं आणू नका, आम्हाला नुसत्या गप्पा मारायच्यात.